बोट आणि भोपळा

फार फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा गादीवर कोणता राजा होता हे मला विचारू नका. त्या गावच्या हंड्यात काय शिजत होतं ते विचारा, ते मला पक्कं ठाऊक आहे.

नदीच्या वळणावर ते गाव होतं. घरं लहानच, पण प्रत्येक घरामागे परसू. शेत पुरुषांचं आणि बैलांचं, परसू बायकांचं. तिथं नांगर शिरत नसे. कुदळीनं खणायचं, हातानं आळी करायची, चुलीतली राख टाकायची आणि सकाळी उठलं की आधी वेलांवरून एक नजर फिरवून यायची. कुणाची भेंडी लवली, कुणाच्या दोडक्यात अळी पडली, यावर त्या गावात जितकं बोलणं होई तितकं राजाच्या लढायांवरही होत नसे.

त्याला कारण होतं. भाद्रपदात ऋषिपंचमी येते. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, माणसानं हातानं पिकवलेलंच खायचं, हा रिवाज तुमच्याआमच्याकडेही आहे. त्या गावात मात्र पंचमीला घरोघरी वेगळी चूल पेटत नसे. देवीच्या देवळापुढे एकच मोठा हंडा चढे आणि घरटी एक भाजी त्यात पडे. कुणी काय आणायचं हे सासवांच्या सासवांनी ठरवून ठेवलेलं. कुणाचं अळू, कुणाची शिराळी, कुणाच्या परसातली मक्याची कणसं. त्या भाजीची चव वर्षभर जिभेवर राही. आणि एखाद्या घराची भाजी हंड्यात पडली नाही, तर त्या घराचं नाव वर्षभर गावाच्या जिभेवर राही.

हंड्यातला तांबडा भोपळा साळूबाईच्या घरचा.

साळूबाई मनानं वाईट नव्हती. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे तुम्हाला तसं वाटणार आहे. हातानं कामसू होती, जिभेनं तिखट होती. सासूनं मरताना तिला दागिना दिला नाही, भोपळ्याच्या बियांची एक पुरचुंडी दिली. साळूनं ती दागिन्यासारखी जपली. दर वर्षी सगळ्यात चांगलं फळ बियाण्याला राखून ठेवायचं, बिया राखेत घोळून वाळवायच्या आणि फडक्यात बांधून चुलीवरच्या उतरंडीत ठेवायच्या. त्या वेलाचा भोपळा असा गोड, की त्याच्या घारग्यांना गूळ हात राखून घालावा लागे.

तिच्या परसाला लागून कोंडाईचं परसू. मध्ये काटक्याकुटक्यांचं कंबरेएवढं कुंपण. कोंडाई गावची सुईण होती. गावातली निम्मी माणसं पहिल्यांदा रडली ती तिच्याच हातांत. साळूची एकुलती लेक हौसा, तीही तिनंच काढलेली. कोंडाईच्या स्वतःच्या घरातही दोनदा पाळणा बांधला होता, पण दोन्ही वेळा तो रिकामाच सोडावा लागला. त्याबद्दल ती बोलत नसे आणि साळूही कधी विचारत नसे. दोघी एकाच वर्षी सुना होऊन गावात आल्या होत्या. कुंपणावरून विरजण जाई, विस्तव जाई, पडवळ इकडे येई, भोपळ्याची फोड तिकडे जाई. कुंपण नावाला होतं.

त्या वर्षी हौसा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. कोंडाईनं पोटावर हात फिरवून सांगितलं, भाद्रपदात होईल, काळजी नको. हौसाला डोहाळे लागले होते ते भोपळ्याच्या घारग्यांचे. दुसरं काही तोंडात धरेना. साळू हसून म्हणायची, थांब जरा, वेल आत्ताशी मांडवावर चढलाय.

आषाढ सरता सरता पावसानं झड धरली ती श्रावण लागला तरी हटेना. ऊन म्हणून पडेना. तशातही वेलाला पिवळीधमक फुलं आली आणि फुलांच्या बुडाशी लिंबाएवढे हिरवे भोपळे दिसू लागले. नागपंचमीला चिरायचं नाही, खणायचं नाही, म्हणून दोघी कुंपणापाशी रिकाम्या उभ्या होत्या. साळू आपली फळं मोजून दाखवत होती. मूठ वळून, दुमडलेल्या बोटाच्या पेरानं दाखवत होती. कारण कोवळ्या भोपळ्याला सरळ बोट दाखवलं की तो कुजून गळतो, हे त्या गावात तान्ह्या पोरालाही सांगितलेलं असे.

कोंडाईला मात्र पानाआड दडलेला एक भोपळा दिसला आणि आनंदाच्या भरात ती विसरली. तिनं तर्जनी सरळ रोखली आणि म्हणाली, "अगं साळू, त्यो बघ की, पानाखाली. तुला दिसलाच न्हाई त्यो."

साळूचा चेहरा उतरला. कोंडाईनं लगेच जीभ चावली, बोटही चावलं, तसं करायची रीत होती. दोघी तेव्हा हसल्यासुद्धा.

पण पुढच्या चार दिवसांत साळूचं हसू पळालं. पानाआडचा भोपळा टोकाकडून पिवळा पडला, मऊ झाला आणि हात लावताच गळून हातात आला. मग शेजारचा गळला. मग मांडवाच्या पार दुसऱ्या टोकाचा. सकाळी परसात जावं तर चिखलात दोनतीन कुजकी फळं पडलेली. साळूला धक्काच बसला. सासूच्या हातापासून चालत आलेला तो वेल, त्यानं कधी दगा दिला नव्हता. पंचमीचा हंडा तोंडावर आला होता आणि घरात गरोदर लेक रोज विचारत होती, आई, धरला का ग एखादा?

माणसाला दुःख झालं की ते ठेवायला जागा लागते. साळूला ती जागा कुंपणापलीकडे सापडली.

पाणवठ्यावर बायकांची गर्दी होती. कोंडाई घागर भरून वळली आणि नेहमीसारखं तिनं साळूला विचारलं, हौसाची कंबर दुखते का, आज संध्याकाळी येऊन तेल लावून जाते. साळूनं घागर खाली ठेवली. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "नको येऊस. जिच्या बोटानं धरलेलं फळ गळतं, तिच्या हातात लेक कशी देऊ मी? तुझ्या घरी तरी काय टिकलं?"

बायकांच्या घागरी भरता भरता थांबल्या. बोललेली साळू स्वतःही क्षणभर दचकली, आपल्या तोंडून हे बाहेर पडलं कसं, असं तिला वाटलं. पण बोललेलं गिळायचं तर मान खाली घालावी लागते, आणि तेवढ्या बायकांत मान खाली घालणं तिला जमलं नाही.

कोंडाईनं आपल्या उजव्या हाताच्या तर्जनीकडे पाहिलं, घागर उचलली आणि ती घरी गेली.

एवढ्यावर थांबलं असतं तरी बरं होतं. पण गावाचं तुम्हाला ठाऊकच आहे, एकीला कारण सापडलं की सगळ्यांना तेच पुरतं. एकीची काकडी कडू निघाली. ती दर वर्षी कडूच निघायची, पण या वर्षी तिला आठवलं, की कोंडाई बांधावरून गेली होती. एकीच्या वालाच्या शेंगांवर मावा पडला. एकीच्या भेंडीची पानं पिवळी पडून वाळली. एकीचं पडवळ वाकडं वाढलं, कारण बुडाला दगड बांधायला तीच विसरली होती. सगळ्यांचं खापर एकाच डोक्यावर फुटलं. कोंडाई दिसली की बायका पदरानं काकड्या झाकत, आणि पदर उरलाच तर पोरं झाकत.

मग कुंभारआळीत एक सून अडली. तिच्यासाठी कोंडाईच्या दारावरून माणसं धावत गेली ती थेट नदीकडे, पलीकडच्या गावातली सुईण आणायला. कोंडाई दारात उभी होती. हातात तेलाची वाटी, खांद्यावर धुतलेलं फडकं, नेहमीसारखी तयार. माणसं तिच्यासमोरून गेली, तिच्याकडे कुणी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून कोंडाईनं तर्जनी तळहातावर दुमडली आणि तिच्यावर चिंधी गुंडाळून घट्ट गाठ मारली. का, तर चुकूनही कशाकडे रोखली जाऊ नये. साळूनं ते कुंपणावरून पाहिलं. तिच्या मनात काहीतरी हललं, पण तिनं तोंड फिरवलं. हौसाच्या बाळंतपणासाठी तिनंही पलीकडच्या सुईणीला सांगून ठेवलं.

आता साळूचं परसू तुम्ही बघायला हवं होतं. तिनं घरातली जुनी लुगडी काढली, धोतरं काढली, गोधडीसुद्धा काढली, आणि सगळा मांडव वरून, बाजूनं, खालून असा झाकून टाकला, की आत भोपळ्याचा वेल आहे की नवरी मुलगी हे कळू नये. कुणाची नजर जायला फट ठेवली नाही. ऊन हवं म्हणून वरचं एक पातळ लुगडं ठेवलं तेवढंच. श्रावणाच्या मध्यावर पाऊस उघडला, छान ऊन पडलं, झाकणाखाली वेलाला फुलांवर फुलं आली. फुलांच्या बुडाशी नवे भोपळे दिसले. साळूनं देवीला हात जोडले.

आणि ते सगळे गळले.

तिला आता भीतीच वाटू लागली. ती सकाळी देवीचं नाव घेऊनच झाकणाचा कोपरा उचलून आत डोकावे. आधीचे निदान लिंबाएवढे होऊन गळत होते, आताचे आवळ्याएवढेही होईनात.

हौसा अवघडल्या अंगानं परसाच्या पायरीवर बसून हे बघत होती. एक दिवस तिनं विचारलं, "आई, कोंडामावशी तर आता इकडं मान वळवून बघतबी न्हाई. बोट तर बांधूनच ठेवलंय तिनं. मग ह्यो कुणाच्या बोटानं गळला?"

प्रश्न साधा होता. उत्तर नसलं की शहाणा माणूस थांबतो. साळू घरात गेली आणि आणखी एक लुगडं घेऊन आली.

ऋषिपंचमी उजाडली. आदल्या दिवशी वरच्या डोंगरात पाऊस झाला होता आणि नदी दोन्ही काठांनी फुगली होती. होडी लागणार नव्हती. देवळापुढे हंडा चढला, बायका टोपल्या घेऊन निघाल्या. साळूच्या टोपलीत काही नव्हतं. सासरी आल्यापासून पहिल्यांदा त्या घराची टोपली रिकामी होती. शेवटचा एकदा बघावं म्हणून ती परसात गेली, मांडवाभोवती फिरली, आणि कुंपणाच्या कोपऱ्यात तिला एक गोष्ट दिसली जी तिनं इतके दिवस पाहिली नव्हती.

वेलाचं एक टोक झाकणाखालून सुटलं होतं. काटक्यांच्या फटीतून ते कोंडाईच्या परसात शिरलं होतं. लुगडी घट्ट करण्याच्या नादात साळूचं तिकडे लक्षच गेलं नव्हतं.

तिनं कुंपणावरून वाकून पाहिलं.

पलीकडे, कोंडाईच्या पडवळाच्या मांडवाखाली, तिच्या मागच्या दाराच्या अगदी समोर, एक भोपळा बसला होता. चांगला कवेत न मावणारा. अजून पुरता तांबडा झाला नव्हता, पण पिवळसर केशरी रंग धरत होता. ओल लागू नये म्हणून त्याच्याखाली कुणीतरी पेंढा घातला होता. रोज सकाळी कोंडाई दार उघडत असेल तेव्हा पहिल्यांदा तिची नजर त्याच्यावरच पडत असणार. श्रावणातून भाद्रपदापर्यंत ती त्याला बघत आली होती, आणि तो वाढत आला होता.

साळूनं कुंपण घट्ट धरलं.

त्या टोकाला अजून फुलं होती. उघड्या फुलांत मधमाश्या शिरत होत्या. एका फुलातून निघत होत्या, पायांना पिवळी धूळ माखून, आणि शेजारच्या, बुडाशी फळ असलेल्या फुलात जाऊन लोळत होत्या. साळूनं हे जन्मभर पाहिलं होतं आणि कधी निरखलं नव्हतं. तिनं मान वळवली. तिच्या स्वतःच्या मांडवावर, लुगड्याच्या बाहेरून, माश्या घिरट्या घालत होत्या. आतल्या फुलांचा वास त्यांना येत होता. त्या कापडावर आपटत होत्या आणि परत जात होत्या.

तिला एकदम नागपंचमीच्या आधीची ती झड आठवली. दिवसच्या दिवस भुरभुर पाऊस, आणि परसात एकही माशी नाही, कसलीच गुणगुण नाही. परसू तेव्हा कसं मुकं वाटत होतं. माशी शिरली नाही, त्या फुलाचं फळ धरलंच नाही. पहिले भोपळे तेव्हाचे. ते पावसानं गेले होते. आणि नंतरचे सगळे, एकूण एक, तिनं स्वतःच्या हातानं घालवले होते.

हे तिच्या ध्यानात येतंय तोच घरातून हौसाची किंकाळी आली.

कळा सुरू झाल्या होत्या, आणि संथपणे नाही, एकदम जोरानं. साळू आत धावली, पुन्हा बाहेर धावली. पलीकडची सुईण नदीपलीकडेच होती आणि मधली नदी गढूळ होऊन घोंघावत होती. गावातल्या सगळ्या बायका देवळापाशी. साळूला जायला एकच दार उरलं होतं. वळसा घालून अंगणातून जायचीही तिला शुद्ध नव्हती. ती कुंपणातूनच गेली, काटक्या मोडत, लुगडं फाडत.

कोंडाई चुलीपुढे बसली होती. साळूला बघून ती उठली नाही.

"तूच म्हणाली होतीस, माझा हात नको," ती म्हणाली. रागानं नाही, आठवण करून द्यावी तशी.

साळूनं तिचे पाय धरले. बोलायचं खूप होतं, माश्यांचं, लुगड्यांचं, भोपळ्याचं, पण तोंडातून एवढंच आलं, की माझी चूक झाली, हौसाला वाचव. आणि पाय धरताना तिची नजर कोंडाईच्या उजव्या हातावर गेली. ती चिंधी अजून तिथंच होती, काळी पडलेली, ओली.

कोंडाईनं ती दातांनी सोडली.

भेंडी तोडताना कधीतरी त्या बोटाला तिची काटेरी कूस लागली होती. श्रावणाच्या पाण्यात भिजलेल्या चिंधीखाली ती जखम चिघळली, पिकली, पुन्हा भरली, पुन्हा चिघळली. बोट पांढरंफटक पडलं होतं, वाळल्या शेंगेसारखं बारीक झालं होतं, आणि दुमडलेलं होतं तसंच आखडून राहिलं होतं. चिंधी सुटली तरी ते सुटलं नाही.

"काढली का न्हाईस ग ही?" साळूनं कसंबसं विचारलं.

"सगळं गाव म्हणतंय ते खोटं कसं असंल, असं मलाच वाटाय लागलं," कोंडाई म्हणाली. "तुझा त्यो भोपळा माझ्या दारात आला, तवा तर मला झोप लागंना. सांगावं तर, उद्या गळला म्हंजे माझ्याच नावावर. पेंढा घातला त्योबी डोळे मिटून."

हे ऐकून साळूला जे वाटलं ते सांगायला माझ्यापाशी शब्द नाहीत. एवढंच सांगते, की तिला वाटलं, कोंडाईनं आपल्याला मारलं असतं तर बरं झालं असतं.

पण कोंडाई उठली होती. तेलाची वाटी घेतली, फडकं घेतलं आणि मोडलेल्या कुंपणातून ती आधी निघाली. सुईणीला दारात उभं राहून रुसायला वेळ नसतो.

बाळंतीण अडली नाही, पण बाळ आलं ते मानेला नाळेचा वेढा घेऊन. बाळाचं डोकं बाहेर आलं आणि चेहरा निळा पडत चालला. वेढा घट्ट होता. त्याच्याखाली एक बोट सरकवायचं, हलक्या हातानं सैल करायचा आणि डोक्यावरून उतरवायचा. कोंडाईनं हे कितीदा केलं होतं. डाव्या हातानं तिनं डोकं तोलून धरलं आणि उजवा हात पुढे नेला. तर्जनी सरळ होईना. तिनं ओठ घट्ट मिटून जोर लावला. सांधा हलला नाही. त्या खोलीत दोघींनाही कळलं, की बाळंतपणात ज्या बोटाला पंचक्रोशीत कधी कुणी नावं ठेवली नव्हती, ते बोट आज नाही, आणि ते का नाही.

"साळे, तुझं बोट दे," कोंडाई म्हणाली.

साळूनं हात पुढे केला. कोंडाईनं आपल्या त्या वाकड्या बोटासकट तिचं मनगट धरलं आणि नेलं. इथं. खाली. नख लावू नको. ओढू नको, उचल. साळूचं बोट वेढ्याखाली गेलं. बाळाची मान गरम होती आणि नाळ तिच्या बोटाखाली उडत होती. वेढा सैल झाला, डोक्यावरून उतरला. क्षणभर काहीच झालं नाही. मग कोंडाईनं बाळाला पालथं घेऊन पाठीवर थापटलं आणि ते रडलं.

मुलगी झाली होती. साळू नातीला बघून रडली नाही, हसली नाही. ती कोंडाईच्या हाताकडे बघत बसली.

दुपारी देवळापुढचा हंडा भोपळ्यासाठी खोळंबला होता. बायका एकमेकींना विचारत होत्या, आणि विचारताना त्यांना थोडी मजाही वाटत होती. तेवढ्यात साळू आली. डोक्यावर तो भोपळा. फाटलेल्या लुगड्यानिशी, हातांवरचे काटक्यांचे ओरखडे न झाकता. तिनं भोपळा हंड्याशेजारी ठेवला आणि ज्या बायकांपुढे एकदा मान खाली घालायला तिला लाज वाटली होती, त्याच बायकांपुढे मान खाली घालून तिनं सगळं सांगितलं. माझ्या वेलाचा हा एकच भोपळा वाचला, आणि तो कोंडाईच्या दारात, तिच्या डोळ्यांसमोर वाढला. बाकीचे मी मारले. कोंडाईचं बोटही मीच मारलं.

एकीनं हळूच आपल्या काकडीच्या टोपलीवरचा पदर काढला. मग दुसरीनं. ज्यांनी त्या दिवशी कुंभारआळीतून नदीकडे माणसं धाडली होती, त्या घरची म्हातारी उठली आणि कोंडाईला आणायला गेली. हंड्यातली पहिली पळी कोंडाईच्या पानात पडली. हौसासाठी भोपळ्याची फोड राखून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी तिचे घारगे करायला कोंडाई बसली, पण तिच्या हातानं पीठ मळवेना. ते साळूनं केले.

आता तुम्ही म्हणाल, चुकीची कबुली झाली, सगळं गोड झालं, बोटही बरं झालं असेल. मलाही तसं सांगायला आवडलं असतं. गावच्या वैदूनं लेप लावले, शेक दिला, तेल जिरवलं. जखम भरली. बोट सरळ झालं नाही ते नाहीच.

गाव पुन्हा कोंडाईला बोलवू लागलं. ती जाई, पण एकटी नव्हे. पाऊस असो, थंडी असो, कुणाच्या घरून बोलावणं आलं की साळू हातातलं काम टाकून तिच्या मागे निघे. कोंडाई सांगे आणि साळूचं बोट ते करी. दोघी म्हाताऱ्या होईपर्यंत हे असंच चाललं. मधलं कुंपण पुन्हा कधी घातलं नाही, आणि भोपळ्याचा वेल उघड्यावर, दोन्ही परसांत मिळून पसरे.

एकदा साळूची नात, तीच ती, थोडी मोठी झाली तेव्हा वेलाखाली उभी राहिली. कोवळा भोपळा दिसला म्हणून तिनं बोट सरळ केलं, आणि मग काहीतरी आठवून घाबरून मागे घेतलं. साळूनं तिचं बोट धरलं आणि पुन्हा सरळ केलं.

"त्यानं काय व्हत न्हाई," साळू म्हणाली. मग तिनं पलीकडे पडवळ तोडत असलेल्या कोंडाईच्या हाताकडे पाहिलं, आणि टोपली धरायला ती तिच्याकडे गेली.

म्हणून लहानांनो आणि मोठ्यांनो, एवढं ध्यानात ठेवा: कारण शोधण्याआधी दोषी शोधू नये, फळ पुढच्या साली पुन्हा धरतं, पण माणसाला लावलेला बोल परत घेता येत नाही.